शेवटची ओळ कुणी फोडली

एकतीस वर्षं मी मोन्तेविदेओच्या बसमध्ये कंडक्टर होतो. तिकीट न काढता बसलेला माणूस मला पाठमोरा ओळखू यायचा. जो खिडकीबाहेर फारच मन लावून बघतो त्याच्याकडे तिकीट नसतं, ही माझी एकतीस वर्षांची कमाई. तेव्हा ‘आमचा दार्दो फार संशयी’ असं जे माझी बहीण नीबिया अख्ख्या ला तेहा वस्तीत सांगत फिरते, त्यात माझा काय गुन्हा? मला कंपनीने पगारच त्याचा दिला.

म्हणून त्या शनिवारी सेर्रोच्या मांडवात काय झालं ते कानावर आल्यावर मी बाकीच्यांसारखा ‘असं कसं झालं हो, असं कसं झालं’ करत डोकं धरून बसलो नाही. मी सरळ विचारलं, कोणी केलं?

आधी आमची मंडळी सांगतो. आमच्याकडे तिला मुरगा म्हणतात. सतरा माणसं, तोंडाला रंग, अंगात झगमगीत कोट, मागे ढोल, ताशा आणि झांजा. कार्निवलच्या दिवसांत वस्तीवस्तीच्या मांडवात उभं राहायचं आणि गाण्यातून सगळ्यांची टर उडवायची, मंत्र्यापासून शेजारणीपर्यंत. दिवसा कोणी सुतार, कोणी दवाखान्यात नर्स, कोणी माझ्यासारखा पेन्शनर. आमच्या मंडळीचं नाव ‘ला सोपा फ्रिआ’, म्हणजे थंड सूप. पाण्याच्या ओढ्यापलीकडे सेर्रोमध्ये ‘लोस सिन पारागुआस’ म्हणून दुसरी मंडळी आहे, बिनछत्रीवाले. त्यांचं नि आमचं कधी पटलं नाही, आणि पटू नये अशीच दोन्हीकडच्या लोकांची इच्छा.

आमची तालीम बोचासच्या क्लबात होते, त्या खेळाचे गोळे फेकायच्या पट्टीशेजारी. डिसेंबरपासून रोज संध्याकाळी वस्तीतले लोक आपापल्या खुर्च्या आणि माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, त्याचा थर्मास घेऊन तालीम बघायला येतात. येऊ देत. त्यांना सगळं ऐकवतो, फक्त एक सोडून. गंमतीच्या गाण्याची शेवटची ओळ, जिच्यावर हशा पिकायचा, ती आम्ही त्यांच्यासमोर म्हणत नाही. तिथे सगळे मिळून ‘लारा-लारा-लारा’ म्हणतो. लोक ओरडतात, अरे सांगा की लेकांनो! आम्ही नाही सांगत. मग ते घरी गेले की गेट लावायचं, आणि बंद गेटमागे खरी ओळ बसवायची. कारण ओळ एकदा दुसऱ्या मंडळीने आधी म्हटली की संपलं. मग आपण म्हटली तर चोर आपणच ठरतो. म्हणून आमचा नियम कडक आहे. जो ओळ फोडेल त्याने कोट काढून ठेवायचा आणि पुन्हा मंडळीत पाऊल ठेवायचं नाही. आमचा म्होरक्या रोसेन्दो हा नियम सगळ्यांकडून दरवर्षी वदवून घेतो.

यंदाचं गाणं म्हणायचं काम माझ्यावर होतं. दोन सेफेरिनो नावाचा म्हातारा; ‘दोन’ म्हणजे आकडा नव्हे, नावाआधी लावायचा मान, ‘श्रीयुत’सारखा. जन्मभर दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलेला. शेवटी रांगेतच मरतो आणि स्वर्गाच्या दाराशी जातो, तर तिथेही ही भलीमोठी रांग. दीडशे वर्षांनी नंबर लागतो, आणि दारावरचा देवदूत म्हणतो, ‘आज देव रजेवर आहे. मंगळवारी या. पहाटे पाचला येऊन नंबर लावा.’

हे लिहिणारा ओमेरो, शाळेत शिकवतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याने ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा झांजवाला हसता हसता खुर्चीवरून पडला होता.

आणि शनिवारी, आमचा पहिला प्रयोग सहा दिवसांवर असताना, बिनछत्रीवाल्यांनी त्यांच्या पहिल्याच प्रयोगात ती ओळ म्हटली. आमचा सुतार तिथे प्रेक्षकांत बसला होता. त्यांच्या गाण्यात म्हातारा नव्हता, म्हातारी होती. बाकी देव रजेवर, मंगळवार, पहाटे पाच, सगळं जसंच्या तसं. ‘मांडव डोक्यावर घेतला रे लोकांनी,’ सुतार सांगताना रडकुंडीला आला होता.

माझी झोपच उडाली. सतरा गाणारे-वाजवणारे आणि मास्तर, अठरा माणसं. त्यातला मी वजा करा. मी तर इतका जपून होतो की घरात नीबियालाही ऐकू जाऊ नये म्हणून रोज सकाळी सातला बाथरूमची कडी लावायचो, शॉवर धो धो सोडायचो आणि मगच म्हणायचो. ती बाहेरून दार बडवायची, ‘पाणी काय फुकट येतं का रे?’ मी दाद द्यायचो नाही. बहीण झाली म्हणून काय झालं!

राहिले सतरा. मी एकेकाला मनातल्या मनात बसमध्ये बसवलं आणि बघत गेलो, कोण खिडकीबाहेर बघतंय.

एल्बिओ बघत होता.

हे लिहितानाही हात जड होतो. एल्बिओ सव्वीस वर्षं माझ्या डाव्या हाताला उभा राहून गायला. खांद्याला खांदा लागायचा. श्वास कुठे घ्यायचा ते मी त्याच्या खांद्यावरून ओळखायचो. मांस कारखान्यात होता, आता रिटायर. बायको गेली तीन वर्षांपूर्वी. तेव्हापासून त्याला मंडळीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. जानेवारीत माणूस वेगळाच दिसायचा, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून क्लबात सगळ्यांच्या आधी हजर. मार्चपासून पुन्हा आपला घरात टीव्हीशी बोलत बसायचा. दर गुरुवारी सकाळी आम्ही दोघं धक्क्यावर मासे धरायला जायचो. मासे कसले, दोन-तीन बारके; पण जायचो.

पण मी म्हटलं, दोस्ती बाजूला. हिशेब बघ. एल्बिओची मुलगी सेर्रोत दिली आहे. दर रविवारी हा तिथे जेवायला. जावयाचा भाऊ बिनछत्रीवाल्यांत झांजा वाजवतो. बरं, तेवढ्यावरून मी काही म्हटलं नसतं. पण डिसेंबरच्या मध्यापासून एल्बिओ माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलायचा थांबला होता. धक्क्यावर गळ टाकून बसलेलो असताना काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. ‘काय रे?’ म्हटलं की ‘काही नाही, वारा पडलाय’ म्हणायचा. दोन गुरुवारी तर मी खाली उतरलो तेव्हा बिल्डिंगच्या मागे कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा होता, आणि मला बघून दचकला. दचकायचं कारण काय? सव्वीस वर्षांत कधी दचकला नव्हता. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि ते कुठे मुरतंय हे मला लख्ख दिसलं.

सोमवारी रोसेन्दोने गेट लावून सगळ्यांना बसवलं. ‘ज्याने केलंय त्याने सांगावं,’ एवढंच म्हणाला. नर्स खाली मान घालून नखं बघत होती. मास्तर चष्मा पुसत होता, पुसतच होता.

मी उठलो. म्हटलं, ‘मी सांगतो.’ आणि सगळं सांगितलं. मुलगी, जावई, जावयाचा भाऊ, रविवार, डबे, दचकणं. माझा आवाज अगदी शांत होता. तिकीट नसलेल्या माणसाला उतरवताना मी कधी आरडाओरडा केला नाही.

रोसेन्दो म्हणाला, ‘एल्बिओ, खरं का हे?’

एल्बिओ रोसेन्दोकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. डिसेंबरपासून पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत.

‘बोल ना,’ मी म्हटलं. ‘गप्प का? नाही केलंस तर नाही म्हण.’

‘मला काही बोलायचं नाही,’ तो म्हणाला.

मास्तर मध्ये पडला. ‘अरे, घाई नको. पुरावा कुठाय? माणूस रविवारी मुलीकडे जेवतो, हा काय पुरावा झाला?’

‘मग त्याने नाही म्हणावं ना मास्तर! दोन अक्षरी शब्द आहे.’

एल्बिओ उठला, खुंटीवरून आपला कोट काढला, नीट घडी घातली, टेबलावर ठेवला. बाही बाहेर आली होती ती आत सारली. आणि गेला. सुताराने गेट उघडलं आणि परत लावलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त बरं वाटलं. दात काढल्यावर वाटतं तसं.

आता ओळ नवी हवी होती, आणि प्रयोग शुक्रवारी. मास्तरने रात्र जागून काढली आणि मंगळवारी संध्याकाळी मला बाजूला घेऊन एक चिठ्ठी दिली. म्हणाला, ‘बाकीच्यांना गुरुवारी तालमीनंतर सांगू. तोवर ही फक्त तुला आणि मला. पाठ कर आणि फाडून टाक.’

ओळ आधीच्यापेक्षा भारी होती. देव रजेवर म्हटल्यावर दोन सेफेरिनो वैतागतो आणि नरकात जातो. तिथे दार सताड उघडं, आत गाणं-बजावणं, आणि रांगच नाही! म्हातारा दारातच थबकतो, इकडे बघतो, तिकडे बघतो, आणि म्हणतो, ‘रांग नाही? मग इथे काहीतरी काळंबेरं आहे!’ आणि परत जाऊन स्वर्गाच्या रांगेत उभा राहतो.

‘हा म्हातारा तुझ्यावरूनच सुचला,’ मास्तर म्हणाला. मी हसलो. चिठ्ठी फाडली नाही, चावून गिळली. मास्तर बघतच राहिला. बुधवारी सकाळी कडी, शॉवर, दार बडवणारी नीबिया, सगळं रोजच्यासारखं. वीस वेळा म्हटली. ‘काळंबेरं’वर आवाज कसा चढवायचा ते ठरवलं. गुरुवारी पुन्हा वीस वेळा.

गुरुवार. मासे धरायला जायचा दिवस, पण कोणासोबत जाणार? मी पिशवी घेतली आणि रस्त्यावरच्या बाजारात गेलो. मासेवाल्या एल्सिराच्या गाडीपाशी उभा राहिलो. ती हेक माशाचे तुकडे करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘काय दार्दो, नरकात रांग नाही म्हणे! काहीतरी काळंबेरं आहे, हो ना?’ आणि खो खो हसली.

गाडीची कड धरून उभा राहिलो.

‘हे तुला कोणी सांगितलं?’

‘अय्या, असं काय बघतोस? मी काय चोरी केली का?’

‘एल्सिरा, कोणी सांगितलं?’

विचारत होतो तिला, पण मनात मास्तरला धरून झालं होतं. दोघांनाच माहीत होतं ना, मला आणि त्याला! त्यात मी नाही. म्हणजे तो. म्हटलं, वा रे मास्तर, म्हणून सोमवारी ‘घाई नको, घाई नको’ चाललं होतं. एल्बिओ त्याचा साथीदार असणार. दोघं मिळून. आता आठवलं, चष्मा किती वेळ पुसत होता!

‘पोलोनियाबाईंनी सांगितलं,’ एल्सिरा म्हणाली. ‘तुमच्याच बिल्डिंगमधल्या. आत्ताच अर्धा किलो घेऊन गेल्या.’

पोलोनियाबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही चौथ्या. ऐंशीच्या पुढच्या. मासे न घेताच मी घरी परतलो आणि जिने चढलो. बाईंचा मास्तरशी काय संबंध? शिकवणी? बाईंना नातू आहे. नातू ताशा वाजवतो. कुठे वाजवतो? बिनछत्रीवाल्यांत! जिन्यातच सगळी साखळी जुळली. मास्तरने नातवाला सांगितलं, नातवाने आजीला. मी बेल न वाजवता दार ठोठावलं.

‘ये रे बाबा, ये. आज कसा काय?’

‘बाई, नरकातल्या रांगेचं तुम्हाला कोणी सांगितलं? खरं सांगा. मी नाव कुठे घेणार नाही.’

त्या म्हणाल्या, ‘तूच की रे. दुसरं कोण सांगणार?’

‘मी?’

‘रोज सातला. आम्ही सगळ्याच खिडकी उघडून बसतो माते घेऊन. मी, तिसऱ्यावरची, समोरची शिक्षिका. देव रजेवर आहे म्हणालास त्या दिवशी तिसऱ्यावरचीचा कप फुटला हसून. आमचा नातू लाऊतारो सकाळी नाश्त्याला येतो ना, त्याला तर तुझं गाणं भारी आवडतं. काल तू नवीनच काढलंस, नरकाचं. मी तर म्हटलं, बघा किती चांगला मुलगा आहे, आमच्यासाठी रोज नवीन म्हणतो.’

‘बाई, मी कडी लावून म्हणतो. शॉवर सोडून!’

‘हो, म्हणून तर इतका ओरडून म्हणतोस. इकडे ये.’

त्यांनी मला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं आणि खिडकी ढकलली. आमच्या सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. वरून, दोन मजले वरून, नीबियाचा आवाज आला. ती कपडे धूत होती आणि स्वतःशीच बोलत होती. ‘...साबणाचं झाकण लावायला ह्याच्या हाताला काय काटे टोचतात? गायचं असेल तर गा म्हणावं बाहेर बसून, बाथरूम काय तुझ्या बापाचं...’ एक एक शब्द. शेजारी उभं राहून बोलल्यासारखा.

मी त्यांच्या कपडे धुवायच्या स्टुलावर बसलो. बाईंनी पाणी दिलं. ‘का रे, चेहरा असा का? वाईट बातमी आहे का काही?’

काय सांगणार होतो? सगळी साखळी जुळवलेला मी, आणि साखळीचं टोक माझ्याच हातात. आणि टेबलावरचा तो कोट, बाही आत सारलेला. ओळ फुटली तर दुसरी लिहिता येते. एल्बिओला मी सतरा माणसांसमोर चोर म्हटलं होतं, आणि तो चोर नव्हता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

खोटं कशाला सांगू, गप्प बसायचा विचार आला. दुपारभर आला. कोणाला कळणार होतं? पोलोनियाबाईंना क्लबातलं काही माहीत नव्हतं. उद्या प्रयोग, गाणं माझ्यावर, मी गेलो तर मंडळी बुडाली. एल्बिओला कार्निवलनंतर समजावता येईल. मास्तरवरही ढकलता आलं असतं, आणि त्याच्यावर ढकलायला लागणारं सगळं माझ्याकडे तयार होतं. चष्मासुद्धा.

संध्याकाळी क्लबात शे-सव्वाशे लोक. उद्या प्रयोग म्हणून आम्ही कोट घालून उभे होतो. माझ्या डाव्या हाताला जागा रिकामी. रोसेन्दोने सुताराला तिथे सरकायला सांगितलं, सुताराचा खांदा लागला, आणि मला श्वास कुठे घ्यायचा ते कळेना. पहिल्या ओळीत खुर्ची टाकून पोलोनियाबाई बसल्या होत्या.

दोन सेफेरिनो रांगेत मेला. स्वर्गाच्या दाराशी गेला. तिथून नरकाच्या दाराशी. आता सगळ्यांनी लारा-लारा म्हणायचं होतं. मी हात वर केला. ढोल थांबला.

‘ओळ मी फोडली,’ मी म्हटलं. ‘एल्बिओने नाही. मी.’

लोक हसले. त्यांना वाटलं, गाण्यातलंच आहे. दोन सेफेरिनो बोलतोय.

‘अहो, खरंच मी. रोज सकाळी बाथरूममध्ये, खिडकी उघडी टाकून.’

हशा असा उसळला की काय सांगू. तीस वर्षांत मला तसा हशा मिळाला नव्हता. मागे कोणी शिट्टी मारली. पोलोनियाबाई शेजारणीला ढोसून म्हणत होत्या, ‘खरं आहे हो, मी रोज ऐकते!’ त्यावर आणखी हशा.

‘मी एल्बिओला चोर म्हटलं. तुमच्यातल्या सगळ्यांना माहीत आहे कोण एल्बिओ. त्याने काही केलं नाही. चोर मी आहे. मूर्ख आणि चोर.’

अजून हसत होते. मी परत तेच म्हटलं. परत म्हटलं. हसू ओळी-ओळीने विझत गेलं, आधी पुढचं, मग मधलं. शेवटी मागे एक लहान मूल तेवढं हसत होतं. त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

रोसेन्दो माझ्यापाशी आला. ‘कोट,’ म्हणाला. मी काढून दिला. त्याने खुंटीवरून दुसरा कोट काढला आणि माझ्या हातात ठेवला, एल्बिओचा. ‘त्याला घेऊन ये. दोन सेफेरिनो त्यालाच करावा लागेल, दुसऱ्या कोणाला पाठ नाही. आणि तू गेटच्या आत यायचं नाहीस.’

‘नाही येत,’ मी म्हटलं.

ओढ्यावरच्या पुलापाशी एल्बिओचं घर. ऊन अजून होतं. तो अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. दाढी वाढलेली. मला बघितलं, कोट बघितला, आणि गाठ मारायची राहिली होती ती मारली.

मी वाटेत सगळं जुळवलं होतं, कसं सांगायचं, कुठे थांबायचं. एका दमात सांगून टाकलं. डक्ट, पोलोनियाबाई, लाऊतारो, क्लबातला हशा. ‘सगळ्यांसमोर सांगितलं मी,’ म्हटलं. ‘सव्वाशे लोकांसमोर.’ आता हा उठेल, शिव्या घालील, मग मिठी मारील, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

‘मला माहीत होतं,’ एल्बिओ म्हणाला.

‘काय?’

‘तू आहेस ते. डिसेंबरपासून. गुरुवारी तुझी वाट बघत खाली उभा असतो ना, तिथे डब्यांपाशी डक्टचा तळ आहे. वर बघितलं तर बायका खिडक्यांत बसलेल्या. म्हटलं, सांगावं ह्याला. पण तू इतका खुशीत गात होतास रे. बसची नोकरी सुटल्यापासून तसा गायला नव्हतास. म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगू. मग पुढच्या. आणि मग ती ओळ फुटली, आणि सांगणं म्हणजे तुला बाहेर काढणं झालं.’

‘अरे, मग सोमवारी तरी! मी तुझ्यावर तोंड सोडलं तेव्हा तरी!’

‘सोमवारी मी वाट बघत होतो.’ तो काठी हलवून बघत होता, घट्ट बसली की नाही. ‘मला वाटलं, बाकीचे काय वाटेल ते म्हणोत, दार्दो उठेल. म्हणेल, एल्बिओ असलं करणार नाही. आणि तू उठलासच. सगळ्यांच्या आधी उठलास.’

मी कोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

‘मला माहीत असून मी बोललो नाही,’ तो म्हणाला. ‘तुला माहीत नव्हतं, तरी तू बोललास.’

रागाने नाही म्हणाला. राग असता तर मी झेलला असता. त्याने हात पॅंटला पुसले, माझ्या हातातून कोट घेतला आणि घातला. बटणं लावली. ‘नवी ओळ काय आहे?’

मी रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं आणि त्याच्या कानाशी जाऊन हळूच सांगितली. तो हसला नाही. दोनदा पुटपुटून पाठ केली.

‘येऊ तुझ्यासोबत? गेटपर्यंत?’

‘नको.’

पुलावरून जाताना तो कोट उन्हात चमकत होता, भरभर चालला होता, क्लबात सगळे खोळंबले असणार. मी त्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. बासष्टाव्या वर्षी, दिवसाउजेडी, टोमॅटोंसमोर, मोठ्याने. कोणी ऐकत असेल तर ऐकू दे.